‘ती आपल्या पायाने गेली’ : मुलींच्या तस्करीबद्दल कायदा काय सांगतो



आदिवासीवाड्यांवरून मुली ‘नेल्या’ जातात, असे आपल्या पत्रिकेत अधूनमधून येते. ते वाचून काही मंडळ्यांतून विचारणा होते: नेणाऱ्यांना शिक्षा का होत नाही? तसा कायदाच नाही का? कायदा आहे, आणि चांगला कडक आहे. पण तो मला स्वतःला उशिरा समजला, आणि माझ्या अज्ञानाचा भार एका मुलीला सोसावा लागला. म्हणून आधी ते सांगते आणि मग कायद्याकडे वळते.

पोलादपूर तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवरची एक आई फेब्रुवारीत माझ्याकडे महाडला आली. दिवाळीनंतर वाडीवर एक बाई दोनदा येऊन गेली होती. पनवेलकडे खानावळीत काम आहे, राहणे-जेवणे फुकट, असे तिने सांगितले. बापाच्या हातावर आठ हजार रुपये उचल ठेवली आणि कागदावर त्याचा अंगठा घेतला. मुलगी एसटीने गेली. पंधरा दिवस फोन आले, मग फोन बंद झाला.

मी विचारले, “मावशी, तिला कोणी ओढून नेली का?”

ती म्हणाली, “नाय ताई. ती आपल्या पायानं गेली.”

मी म्हणाले, “मग पोलीस तरी काय करणार? थोडे दिवस वाट बघू. आपण प्रार्थना करू.”

आम्ही प्रार्थना केली आणि ती परत गेली. अकरा दिवसांनी आमच्या महिला मंडळाच्या सभेत मी हा विषय प्रार्थनेसाठी मांडला. तिथे आमच्या ओळखीच्या एक वकील भगिनी होत्या. त्या म्हणाल्या, “ताई, प्रार्थना करूच, पण आज संध्याकाळपर्यंत तक्रार द्या. आपल्या पायाने गेली की नाही, हा प्रश्नच कायदा विचारत नाही.” आम्ही त्याच दिवशी गेलो. मुलगी पुढे सापडली. त्या अकरा दिवसांतच तिला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवले होते, हे नंतर कळले. पहिल्या ठिकाणी ती खरोखर भांडी घासत होती.

खटला न्यायालयात आहे, म्हणून यापुढचे लिहीत नाही. वाडीचे आणि मुलीचे नावही लिहीत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

गुन्हा कुठे सुरू होतो

आपल्या मनात या गुन्ह्याचे चित्र म्हणजे मुंबईतली एखादी कोंदट खोली. कायद्याच्या दृष्टीने गुन्हा त्याच्या खूप आधी सुरू होतो. तो वाडीच्या आंब्याखाली किंवा एसटी स्थानकावरही पूर्ण होऊ शकतो.

१ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १४३ मध्ये माणसांच्या तस्करीची व्याख्या आहे. सरकारी मराठीत ‘अपव्यापार’ हा शब्द आढळेल. ही व्याख्या समजायला तीन प्रश्न पुरतात.

पहिला प्रश्न, काय केले? माणसाची भरती केली, त्याला वाहून नेले, ठेवून घेतले, दुसऱ्याच्या हवाली केले किंवा ताब्यात घेतले. यातले एक केले तरी पुरे.

दुसरा, कसे केले? धमकी देऊन, बळजबरीने, पळवून, फसवून, अधिकाराचा गैरवापर करून, किंवा आमिष दाखवून. ज्याच्या ताब्यात ती व्यक्ती आहे त्याची संमती मिळवण्यासाठी पैसे देणे-घेणे हेही आमिषातच येते.

तिसरा, कशासाठी केले? शोषणासाठी. लैंगिक शोषण, गुलामगिरी किंवा तिच्यासारखी प्रथा, भीक मागायला लावणे, बळजबरीने अवयव काढणे हे सर्व शोषणात धरले आहे.

हे समजावताना मी वाड्यांवर योसेफाची गोष्ट सांगते. उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायात भावांनी त्याला वीस रुपये भाराच्या मोलाने विकले, व्यापाऱ्यांच्या तांड्याने त्याला मिसर देशात नेले आणि पोटीफराने विकत घेतले. विकणारा, नेणारा, घेणारा अशी सगळी साखळी तिथे आहे. आजच्या कायद्यात या साखळीतली प्रत्येक कडी वेगळी पकडता येते. मी फक्त गाडीतून सोडले, मी फक्त खोली दिली, असे म्हणून सुटता येत नाही. हेतू ठाऊक असताना केलेला तो वाटाच गुन्हा ठरतो. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. योसेफ तेव्हा सतरा वर्षांचा होता, आणि बापाने पाठवले म्हणून भावांना शोधत तो दोथानपर्यंत आपल्या पायानेच गेला होता.

मर्जी आणि उचल

कलम १४३ च्या स्पष्टीकरणात साफ लिहिले आहे की, हा गुन्हा ठरवताना पीडित व्यक्तीची संमती होती की नव्हती याला महत्त्व नाही. खानावळीच्या कामाला ‘हो’ म्हटलेली मुलगी देहविक्रीला ‘हो’ म्हणालेली नसते, हे तर उघडच आहे. पण भुकेपोटी किंवा भीतीपोटी ती नंतर कशालाही ‘हो’ म्हणाली, तरी नेणाऱ्याचा गुन्हा पुसला जात नाही.

मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर प्रश्न आणखी सोपा होतो. आई-बापाच्या संमतीशिवाय तिला नेणे हेच कलम १३७ खाली अपहरण आहे, मग ती हसत गेलेली असो. अठरा वर्षांखालचे मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवले गेले असावे असे धरून गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले आहे.

पण वय सिद्ध कसे करायचे? ‘अठरा-वीसची असंल’ असे आमच्या मुलीची आई सांगत होती. जन्माची नोंद नव्हती. बाल न्याय कायद्यात वय ठरवण्याचा क्रम दिला आहे: आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तेव्हाच वैद्यकीय तपासणी. ती मुलगी दोन वर्षे आश्रमशाळेत होती. तिथल्या रजिस्टरच्या उताऱ्यावरून तिचे वय सतरा निघाले आणि त्या एका कागदाने खटल्याचे वजन बदलले.

राहिला प्रश्न उचलीचा. तक्रार न होण्याचे मोठे कारण हेच आहे. पाऊस उघडला की आपल्या कातकरी बंधूंच्या वाड्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाची उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात. उचल घेतली म्हणजे माणूस बांधला गेला, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. म्हणून बाप म्हणतो, मी पैसे घेतले, अंगठा दिला, आता कोणत्या तोंडाने ठाण्यात जाऊ? त्याला सांगायचे ते हे: १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने माणसाला बांधून ठेवणारे असे कर्ज रद्द झाले आहे. ते वसूल करता येत नाही, उलट त्यासाठी राबवून घेणे हाच गुन्हा आहे. आणि खानावळीचे काम सांगून त्याच्या हातावर पैसे ठेवणाऱ्याने त्यालाही फसवले आहे. पुढे काय होणार हे ठाऊक असूनही ज्या बापाने पैसे घेतले त्याची गोष्ट वेगळी. अशा बापाला कायदा सोडत नाही, आणि आपणही त्याची बाजू घेऊ नये.

शिक्षा किती

कलम १४३ खाली एका प्रौढ व्यक्तीच्या तस्करीला किमान ७ व कमाल १० वर्षे सश्रम कारावास आणि दंड. एकाहून अधिक व्यक्ती असतील तर किमान १० वर्षे ते जन्मठेप. एक बालक असेल तरी किमान १० वर्षे ते जन्मठेप. एकाहून अधिक बालके असतील तर किमान १४ वर्षे ते जन्मठेप. बालकाच्या तस्करीत जो पुन्हा दोषी ठरेल त्याला मरेपर्यंत तुरुंग. या व्यवहारात पोलीस किंवा कोणी सरकारी नोकर सामील असेल, तर त्यालाही मरेपर्यंत तुरुंग.

कलम १४४ गिऱ्हाइकासाठी आहे. समोरची व्यक्ती तस्करीतून आणली आहे हे माहीत असताना, किंवा तसे वाटायला जागा असताना, जो तिचे लैंगिक शोषण करतो त्याला ३ ते ७ वर्षे, आणि ती बालक असेल तर ५ ते १० वर्षे शिक्षा आहे. याशिवाय अठरा वर्षांखालील मुलीशी शरीरसंबंध हा २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली स्वतंत्र व जड गुन्हा आहे.

आपल्या वाड्यांच्या संदर्भात आणखी एक कायदा लक्षात ठेवावा. कातकरी ही अनुसूचित जमात आहे; कोलाम व माडिया गोंड यांच्याबरोबर महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांत तिची गणना होते. आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा नसेल आणि मुलगी आदिवासी आहे हे त्याला माहीत असेल, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागतो. दहा वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला मग जन्मठेप होऊ शकते. तक्रार लिहून देताना मुलीची जमात नोंदवली आहे ना, हे पाहून घ्यावे.

“माझ्यावर केस आहे का?”

सुटका झाल्यानंतर मी तिला पहिल्यांदा भेटले, तेव्हा तिने विचारलेला हा पहिला प्रश्न. तिला डांबणाऱ्यांनी रोज सांगितले होते की, पोलीस आले तर तुलाच आत टाकतील.

तिच्यावर केस नाही. १९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, ज्याला बोलीत ‘पिटा’ म्हणतात, तो मुख्यतः या धंद्यावर जगणाऱ्यांसाठी आहे. कुंटणखाना चालवणाऱ्याला पहिल्या वेळी १ ते ३ वर्षे. एखाद्या व्यक्तीला या धंद्यासाठी मिळवणाऱ्याला किंवा नेणाऱ्याला ३ ते ७ वर्षे, आणि तिच्या मर्जीविरुद्ध नेले असेल तर १४ वर्षांपर्यंत. तिला डांबून ठेवणाऱ्याला किमान ७ वर्षे. कायद्यातली कुंटणखान्याची व्याख्याही रुंद आहे. घर, खोली, वाहन, कोणतीही जागा त्यात येते. मुंबई-गोवा महामार्गावरची लॉजची खोली त्यातून सुटत नाही.

इथे मंडळीतल्या भावाबहिणींना एक नाजूक गोष्ट सांगणे मला भाग आहे. प्रौढ स्त्रीने देहविक्री करणे एवढाच या कायद्यात गुन्हा नाही. सार्वजनिक ठिकाणाजवळ तो व्यवसाय करणे आणि रस्त्यावर गिऱ्हाईक बोलावणे यांना शिक्षा आहे, आणि त्यात बायकाच जास्त अडकतात. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले की, या स्त्रियांना सन्मानाने वागवा आणि छाप्यात त्यांना अटक करून छळू नका. तेव्हा ‘तसली बाई’ हा शब्द आपल्या तोंडी येऊ नये. प्रभू अशा स्त्रियांशी कसा बोलला, हे आपण शुभवर्तमानात वाचतो. सुटून आलेली मुलगी उपासनेला आली आणि बाक रिकामा झाला, तर त्या लॉजवाल्याने तिला सांगितलेले आपण खरे करून दाखवले असे होईल.

तक्रार कशी द्यावी

हे गुन्हे दखलपात्र व अजामीनपात्र आहेत आणि सत्र न्यायालयात चालतात. तक्रार कोणीही देऊ शकतो, आई-बापच हवेत असे नाही. ती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. मुलगी पनवेलला गेली म्हणून पनवेललाच जा, असे पोलादपूरच्या किंवा महाडच्या आईला कोणी सांगू शकत नाही. याला झिरो एफआयआर म्हणतात. ठाणे गुन्हा नोंदवून तो पुढे पाठवते. तोंडी सांगितले तर लिहून घ्यावे, वाचून दाखवावे आणि प्रत फुकट द्यावी, असा नियम आहे. नोंदवायला नकार मिळाला तर अलिबागला जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवावी. कलम १४३ व १४४ च्या गुन्ह्याची खबर नोंदवत नाही असा सरकारी नोकर स्वतःच न्याय संहितेच्या कलम १९९ खाली गुन्हेगार ठरतो. त्याला ६ महिने ते २ वर्षे कैद होऊ शकते.

आम्ही गेलो त्या ठाण्यातही पहिला प्रश्न ‘मर्जीने गेली का?’ हाच होता. त्या वकील भगिनींनी शांतपणे कलमाचा आकडा सांगितला. मग कागद पुढे आला.

जे अठरा वर्षांखालच्या मुलांमध्ये काम करतात त्यांनी विशेष ध्यानात घ्यावे: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळूनही न कळवणे हा पोक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. पाळक, शब्बाथ शाळेचे शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक कोणीही याला अपवाद नाहीत. मंडळीची अब्रू हे कारण चालत नाही. तातडीला ११२, मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक फुकट लागतात.

सुटका झाल्यावर

अठरा वर्षांखालच्या मुलीला बाल कल्याण समितीपुढे नेले जाते. आई-बापाला वाटते, पोलिसांनी आणली, आता घरी द्या. पण समिती आधी चौकशी करते, आणि त्याला कारण आहे. मुंबईत छाप्यात सोडवलेल्या मुली ‘नातेवाईक’ म्हणवणाऱ्यांच्या हाती पुन्हा जात. कामाठीपुऱ्यात काम करणाऱ्या ‘प्रेरणा’ संस्थेच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २००२ साली आदेश दिले. अल्पवयीन मुलगी आई-बाप किंवा पालक यांच्याकडेच द्यावी, आणि तेही समितीने त्यांना योग्य ठरवल्यावर. दलालाचा वकील त्याच खटल्यात मुलीचा वकील होऊ शकत नाही. आमच्याकडेही एक ‘मामा’ आला होता. आईने त्याला कधी पाहिलेच नव्हते.

तस्करीच्या पीडितेला, तसेच अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. नुकसानभरपाईसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे आणि तिचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे होतो.

आता नावाबद्दल. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. हे वर्तमानपत्राला लागू आहे तसे आपल्या पत्रिकेला आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही आहे. आमच्या कामाला मदत करणारे प्रेमाने लिहितात, ‘मुलीचा फोटो आणि साक्ष पाठवा, म्हणजे प्रार्थना करता येईल.’ त्यांना नम्रपणे सांगते की फोटो येणार नाही. देव तिला नावाने ओळखतो.

आपण काय करू शकतो

महाडला राहणाऱ्यांना चवदार तळे रोज दिसते. १९२७ साली तिथले पाणी ओंजळीत घेणारे डॉ. आंबेडकर पुढे घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. त्या घटनेचा अनुच्छेद २३ माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार यांना मनाई करतो. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुलींना आणून आश्रय दिला, तेव्हा त्यांच्या हाती असा कायदा नव्हता. आपल्या हाती आहे.

त्या अकरा दिवसांनंतर आम्ही एक साधी वही सुरू केली. दसऱ्यानंतर वाडी सोडणाऱ्या प्रत्येक मुलीचे नाव, कोणाबरोबर जाते, कुठे, कोणते काम, गाडीचा नंबर, नेणाऱ्याचा फोन, हे सर्व ती जाण्यापूर्वी लिहायचे. वही वाडीवरच्याच शिकलेल्या एका सुनेकडे असते. कामाला जाणे वाईट नाही आणि आम्ही कोणाला अडवत नाही. पण गेल्या हंगामात एका माणसाने नाव-नंबर लिहायचे म्हटल्यावर ‘उद्या येतो’ सांगितले, आणि तो पुन्हा आला नाही. शाळेचे दाखले आणि जन्मनोंदी जमवण्याचे कामही चालू आहे. ज्यांना सरकारी कचेरीचे कागद लिहिता येतात अशा निवृत्त बंधुभगिनींनी महिन्यातला एक दिवस दिला, तर पैशांहून ती मदत मोठी ठरेल.

प्रार्थनेचे विषय:

१. त्या मुलीची साक्ष अजून व्हायची आहे. ती घाबरू नये, आणि तारखा लांबू नयेत.

२. तिचा बाप अजून कोणाच्या नजरेला नजर देत नाही. त्याला क्षमा आणि धीर मिळावा.

३. कामासाठी गेलेल्या ज्या मुलींचा फोन बंद आहे, त्यांच्यासाठी.

४. आपल्यासाठी. कोणी आई ‘ती आपल्या पायानं गेली’ म्हणाली, तर तिच्याबरोबर त्याच दिवशी उठून ठाण्यात जाण्याची बुद्धी आपल्याला मिळावी.

प्रभूच्या सेवेत, आपली बहीण.